वाचकांचे प्रश्न: कादंबरी वाचून नक्की कळतं तरी काय?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की गोष्टी, कविता, नाटकं, चित्रं यातून आपल्याला जे कळतं तेही ज्ञानच असतं, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. ठाणे आणि नवी मुंबईतली सहा पत्रं घेतली आहेत, थोडी कापून. काहींनी नाव नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून सगळ्यांचीच नावं काढली.

प्रश्न (ऐरोली): ताई, मी आयटीत आहे. बायको रोज ट्रेनमधे कादंबऱ्या वाचते आणि म्हणते खूप शिकायला मिळतं. मी तिला म्हटलं, एक वाक्य दाखव जे तुला कादंबरीमुळे कळलं, आधी माहीत नव्हतं, आणि जे खरं असल्याचा पुरावा आहे. तिला दाखवता आलं नाही. मग याला ज्ञान का म्हणायचं? टाइमपास म्हणा ना, टाइमपास काही वाईट नसतो.

तुमचा प्रश्न हलका नाहीये दादा, फार जुना आणि तगडा प्रश्न आहे. साधारण 2400 वर्षांपूर्वी प्लेटोने हेच विचारलं होतं, की होमर लढायांबद्दल एवढं लिहितो पण त्याने कधी कुठलं सैन्य चालवलं का, कुठलं शहर त्याच्यामुळे सुधारलं का, नाही ना, मग त्याला युद्धातलं कळतं असं कशावरून म्हणायचं. आणि तुमच्यासारखं 'वाक्य दाखवा' म्हणणारे आजही आहेत. 1992 साली जेरोम स्टोल्निट्झ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने जेन ऑस्टिनची प्राइड अँड प्रेज्युडिस घेतली आणि तिच्यातून निघणारं सत्य एका वाक्यात काढून दाखवलं, की हट्टी गर्व आणि अडाणी पूर्वग्रह आकर्षक माणसांना एकमेकांपासून दूर ठेवतात. झालं. हे तर आपल्या आळीतल्या कुठल्याही आजीला माहीत असतं, त्याला एवढी जाड कादंबरी कशाला?

माझं म्हणणं असं आहे की वाक्य मागण्यातच घोळ आहे. तुमच्या आईला विचारा, भाकरी कशी थापायची. ती सांगेल पीठ गरम पाण्यात भिजव, चांगलं मळ, हलक्या हाताने थाप. तिन्ही वाक्यं खरी आणि तुमची भाकरी तरी फाटणार, कारण तिला जे येतं ते त्या वाक्यांत नाहीये, हातात आहे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 च्या पुस्तकात हे दोन वेगळे केले होते, एखादी गोष्ट आहे हे माहीत असणं वेगळं आणि एखादी गोष्ट कशी करायची हे येणं वेगळं. साहित्यातून मिळतं ते मला या दुसऱ्याच्या जवळचं वाटतं, फक्त हाताऐवजी डोळ्यातलं. समोर एखादी गोष्ट घडत असताना ती ओळखता येणं.

घरचंच सांगते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल, गडकरी रंगायतन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, ते 1978 चं. मी कॉलेजात होते आणि काकूला घेऊन एकच प्याला बघायला गेले होते, ती नको नको म्हणत होती, कारण काका तेव्हा रोज प्यायचे आणि तिला वाटलं घरी तेच, इथेही तेच कशाला बघायचं. नाटक 1919 चं, राम गणेश गडकरींचं, ते स्वतः पहिला प्रयोग बघायला राहिले नाहीत, त्याच वर्षी जानेवारीत गेले. त्यातला सुधाकर हुशार वकील, भर कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद जाते काही काळासाठी, आणि त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो दुःख विसरायला. दारू वाईट हे वाक्य काकूला शिकवायला कुणा नाटककाराची गरज होती का? ते वाक्य तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होतं. पण त्या प्रवेशात तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या मला रुतल्या.

प्रयोगानंतर आम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो, शेंगदाण्याची पुडी तशीच हातात, आणि बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ह्यांना साहेब सगळ्यांसमोर बोलला होता ना, त्या दिवशी शेजारचे घेऊन आले होते बाटली. आणि मीच म्हटलं, घ्या आजच्या दिवस, झोप तरी लागेल." बारा वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की वाईट संगतीने बिघडले, आणि ते खोटं नव्हतं, पण सुरुवात कशी दिसते हे तिला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. अपमान झालेला माणूस, त्याच्याबद्दल खरोखर वाईट वाटणारी घरची माणसं आणि मायेनं पुढे केलेला एक ग्लास. पुढे माझा चुलतभाऊ बारावीला नापास झाला आणि संध्याकाळी त्याचे मित्र त्याला 'जरा बाहेर' घेऊन जायला आले तेव्हा काकू चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली, म्हणाली मलाही यायचंय. पोरं वरमली आणि सगळे आमच्याच घरी जेवले. आता मला सांगा, तिला काहीतरी कळलं होतं की नव्हतं? आणि ते तुमच्या एका वाक्यात बसवून दाखवा.

पण इथेच दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला फसवलं असं होईल. त्याच नाटकात सुधाकर त्याच्या मित्राला, रामलालला, समजावतो की सुटायचं तर पहिल्या प्याल्याच्या आधीच, एकदा घेतला की परत फिरणं नाही. सुधाकर मरतो, त्याची बायको सिंधू मरते. काकूने हेही तितकंच खरं मानलं आणि पुढची तीन-चार वर्षं कुणी काही उपचार सुचवले की म्हणायची आता काय उपयोग. हे मात्र चूक होतं. अमेरिकेत 1935 पासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमधे माणसं एकमेकांच्या आधाराने दारू सोडत आलेली आहेत, आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण 1986 ला सुरू झालं, आणि काकाही शेवटी एका व्यसनमुक्ती केंद्रात गेले, एकदा घसरले, परत गेले आणि शेवटची अकरा वर्षं न पिता जगले. नाटकाने घसरण अचूक दाखवली आणि परतीचा रस्ता नाहीच असं दाखवलं, कारण तो रस्ता सुधाकरला दिसत नव्हता. बुडणाऱ्याला जे दिसतं ते तो खरंच सांगत असतो, पण किनारा कुठे आहे हे त्याला विचारायचं नसतं. म्हणून मी म्हणते, साहित्य कुठे बघायचं ते शिकवतं, आणि तिथे जे दिसलं ते खरं का हे नाटकाबाहेर येऊन तपासावंच लागतं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की असं कुठलं ज्ञान नाही, शिल्प नाही, विद्या नाही, कला नाही जी नाट्यात दिसत नाही. मला त्यातलं 'दिसत नाही' हे क्रियापद फार आवडतं. नाटक शिकवतं असं ते त्या ओळीत म्हणत नाहीत, त्यात दिसतं म्हणतात. मम्मट या काव्यशास्त्रकारानेही अकराव्या शतकात काव्य कशासाठी याची यादी दिली त्यात यश आणि पैशाच्या लगेच मागे 'व्यवहारविदे' आहे, म्हणजे जगाचा व्यवहार कळावा म्हणून.

तेव्हा बायकोला वाक्य मागू नका. तिला विचारा की त्या कादंबरीतल्या कुणाचा तुला सगळ्यात जास्त राग आला आणि तसं कोण आहे आपल्या ओळखीत. अर्धा तास काढून ठेवा मात्र.

प्रश्न (नेरुळ): मी निवृत्त शिक्षिका. देवलांचं संगीत शारदा आलं आणि त्यामुळे बालविवाह थांबवणारा शारदा कायदा झाला, कायद्याला नावही नाटकाचंच दिलं, असं मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. नातू म्हणतो आजी हे चुकीचं आहे. खरं काय?

बाई, नातू बरोबर आहे. कायद्याचं नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं, त्यांनी ते विधेयक मांडलं होतं. इंग्रजीत सारडा आणि शारदा जवळजवळ सारखंच दिसतं, आणि आपल्याकडे शारदा नाटक घराघरात पोचलेलं, त्यामुळे लोकांनी जोडून टाकलं. नाटक 1899 चं, कायदा 1929 चा, मधे तीस वर्षं गेली. कायद्याने मुलीचं वय किमान 14 आणि मुलाचं 18 केलं.

तुम्ही एकट्याच नाही यात, मीही कॉलेजपर्यंत हेच समजत होते. गोष्टीबरोबर आलेली माहिती मनात फार पटकन घर करते. 2003 साली मानसशास्त्रातला एक प्रयोग झाला, त्यात लोकांना गोष्टी वाचायला दिल्या आणि त्यात मधे मधे सामान्यज्ञानाच्या चुका पेरल्या. नंतर प्रश्न विचारले तर लोकांनी तीच चुकीची उत्तरं दिली, आणि ज्याने मी दचकले ते हे की बऱ्याच जणांना वाटलं हे तर आपल्याला आधीपासूनच माहीत होतं. कुठून कळलं ते पुसलं जातं आणि कळलेलं तेवढं राहतं. म्हणून सनावळ्या, कायदे, औषधं, कोण कुणाचा मुलगा, असल्या गोष्टींसाठी कादंबरी-नाटकावर कधीही विसंबू नये, ऐतिहासिक कादंबरीवर तर अजिबातच नाही. हे मी तिथे अगदी ठामपणे म्हणेन.

पण नाटकातून वर्गाला काहीच कळलं नाही असंही समजू नका. म्हाताऱ्या भुजंगनाथाला मुलगी विकायला निघालेला कांचनभट राक्षस नाही, सभ्य गृहस्थ आहे, पैशाचा हिशोब करणारा बाप आहे, आणि मधे दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित सगळं किती गोड बोलून जमवतो. बालविवाह वाईट हे पुस्तकातल्या धड्यातही असतं, पण तो ठरतो कसा, कोण कुणाला काय बोलून, हे तुमच्या पोरांना शारदातच दिसलं असणार. 'पाऊणशे वयमान' हे शब्द आजही आपण कुणाच्या लग्नाबद्दल बोलताना वापरतो. तेवढा भाग तुम्ही बरोबरच शिकवलात, आणि कायद्याचं मागच्या विद्यार्थ्यांना कळवता आलं तर कळवा, व्हॉट्सॲप ग्रुप असेलच.

प्रश्न (कळवा): मी एफवायबीएला आहे. चांगलं साहित्य वाचल्याने एम्पथी वाढते हे सायन्सने प्रूव्ह केलंय ना? प्रोजेक्टमधे लिहायचंय, पटकन सांगाल का?

प्रूव्ह केलंय असं लिहू नकोस. 2013 मधे किड आणि कास्टानो या दोघांचा पेपर सायन्स या जर्नलमधे आला होता, त्यात पाच प्रयोग होते. साहित्यिक कथेचा छोटा तुकडा वाचायला द्यायचा आणि मग टेस्ट घ्यायची. त्यातली एक टेस्ट अशी की माणसांच्या फक्त डोळ्यांचे 36 फोटो, प्रत्येकापुढे चार शब्द, त्यातून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. वाचणाऱ्यांना जरा जास्त मार्क पडले आणि जगभरच्या पेपरांत बातम्या झाल्या. नंतर दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला तर तसं काही दिसलं नाही, आणि 2018 ला नेचर आणि सायन्समधले 21 प्रयोग पुन्हा करून बघायचा मोठा प्रकल्प झाला, त्यात 13 टिकले आणि हा टिकला नाही.

आयुष्यभर भरपूर वाचणारे लोक अशा टेस्टमधे थोडे बरे निघतात असं दिसतं, पण वाचून तसे झाले की मुळात तसे होते म्हणून वाचायला लागले, हे त्यातून सांगता येत नाही. हेच लिही प्रोजेक्टमधे. आणि खरं सांगू का, दहा मिनिटं गोष्ट वाचून लगेच टेस्टमधे फरक पडावा ही अपेक्षाच मला विचित्र वाटते. माझ्या काकूचा फरक चुलतभावाच्या बारावीला दिसला, म्हणजे मधे सहा-सात वर्षं गेली होती. तसला फरक कुणी लॅबमधे कसा मोजणार, पण मोजता येत नाही म्हणून सिद्ध झालं असंही आपण म्हणायचं नाही.

प्रश्न (ठाणे पूर्व): हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' मधे यमूच्या तोंडून विधवेचं दुःख लिहिलं आणि सगळे म्हणतात किती खरं आहे. पण लिहिणारा पुरुष. त्याला काय कळणार? हे ज्ञान आहे का अंदाज?

अंदाजच आहे, पण अंदाजही चांगला-वाईट असतो, आणि तो किती चांगला हे बघायची सोय आपल्या भाषेत आहे हे आपलं नशीब. हरिभाऊ ही कादंबरी 1890 पासून करमणूक साप्ताहिकात लिहीत होते. त्याच्या आधीच 1882 ला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी स्त्रीपुरुष तुलना छापली, सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून संतापून. आणि नंतर 1910 ला रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या. या तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा, आठवडाभर लागेल पण मग तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

मला काय दिसलं ते सांगते. घरातल्या मोठ्यांची कुजबुज, मुलीबद्दल तिच्यासमोरच पण तिला न विचारता घेतलेले निर्णय, शिकणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त त्रास घरातल्या बायकांकडूनच होणं, हे हरिभाऊंना पक्कं कळलेलं आहे, रमाबाईंनी स्वतः भोगलेलं लिहिलंय ते त्याच्याशी जुळतं. सासरचा शंकरमामंजी यमूचं केशवपन जबरदस्तीने करवतो ते पान मला आजही एका दमात वाचता येत नाही. पण यमूचा नवरा मला जरा जास्तच आदर्श वाटतो, लेखकाला असा नवरा असावासा वाटत होता असा. आणि ताराबाईंचा जो राग आहे ना, सरळ पुरुषांना उद्देशून, तुम्ही कोण आम्हाला नावं ठेवणारे अशा थाटाचा, तो यमूत नाहीच. यमू दुःख सांगते, भांडत नाही. तिथे लिहिणारा पुरुष आहे हे दिसतं.

म्हणजे कल्पना करून माणूस दुसऱ्याच्या घरात बराच आत जाऊ शकतो, अगदी शेवटच्या खोलीपर्यंत जाईलच असं नाही, आणि कुठपर्यंत गेला हे त्या घरात राहिलेल्यांना विचारूनच कळतं. ॲरिस्टॉटल म्हणाला होता की इतिहास काय घडलं ते सांगतो आणि काव्य सांगतं अशा प्रकारचा माणूस काय बोलेल, काय करेल, म्हणून काव्य इतिहासापेक्षा तत्त्वज्ञानाच्या जास्त जवळ आहे. मला हे पटतं, पण अशा प्रकारचा माणूस म्हणजे कोण हे ज्याने ठरवलं त्याच्याकडे लक्ष ठेवून.

प्रश्न (घोडबंदर रोड): मी सोसायटीत वारली पेंटिंगचे क्लासेस घेते. कादंबरीत निदान शब्द तरी असतात, चित्रातून कसलं ज्ञान मिळणार? मुलांचे पालक विचारतात, याचा उपयोग काय.

आधी सोपं उदाहरण घ्या. जहांगीरच्या दरबारातल्या मन्सूर या चित्रकाराचं समजलं जाणारं डोडो पक्ष्याचं चित्र आहे, साधारण 1625 चं, आता सेंट पीटर्सबर्गला आहे. डोडो त्याच शतकात मॉरिशसमधून संपला. जिवंत पक्षी बघून काढलेली रंगीत चित्रं जगात मोजकीच आहेत आणि अभ्यासकांना त्यातलं हे सगळ्यात विश्वासाचं वाटतं. अशी चित्रं सरळ सरळ माहिती देतात, हा वाद नाहीच.

वारलीचं वेगळं आहे. तुम्हाला माहीत असेलच, पण पालकांसाठी लिहिते. पालघर जिल्हा 2014 ला वेगळा झाला, त्याआधी हे सगळे पाडे आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. नोकरीत असताना मी डहाणूजवळ एका लग्नघरी गेले होते. गेरूने सारवलेली भिंत, वाटीत तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, आणि सवाशिणी बांबूची काडी टोकाला चावून चावून ब्रशसारखी करून चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढत होत्या. मधे पालघट देवी, बाजूला छोटा देवचौक. तो चौक पूर्ण झाल्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणजे ती सजावट नाहीये, ते लग्नाचंच काम आहे. मी तासभर बघत होते. एक बाई भात लावणारी माणसं काढत होती, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून, आणि कमरेत किती वाकवायचं हे ती मोजत नव्हती, तिची कमर गेली पन्नास पावसाळे तशी वाकत आली होती. मी घरी येऊन प्रयत्न केला तर माझी माणसं पडल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा मला कळलं की वजन कुठे असतं हे मी कधी बघितलेलंच नाही.

तुमच्या क्लासमधल्या मुलांना हेच द्या. कप आणि कुर्तीवरचं डिझाइन कॉपी करून घेऊ नका. त्यांना सांगा, खाली सोसायटीत झाडू मारणाऱ्या मावशी, सिलेंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारे दादा, त्यांना पाच मिनिटं नीट बघा आणि फक्त दोन त्रिकोण आणि चार रेषांत काढा. ज्याला ते जमेल त्याने माणसाच्या अंगावर ओझं कसं बसतं हे बघितलेलं असेल. पालकांना चित्राखाली नाव लिहून दाखवा, कुणाचं काढलं ते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली हेही सांगा हवं तर, पालकांना असल्या गोष्टींचा धीर येतो.

प्रश्न (कोपरखैरणे): ताई, आम्ही इथले मूळचे आगरी. माझी आजी धवलारीण, लग्नात धवले गायची. आता कुणी बोलवत नाही, डीजे असतो. मी मोबाइलवर तिचं एक गाणं रेकॉर्ड केलं, त्यात 'उघाडी' असा शब्द आला, घरात कुणालाच अर्थ माहीत नाही आणि आजी म्हणते उघाडी म्हणजे उघाडी. या गाण्यात खरंच काही इतिहास आहे का, की मी उगाच भावनिक होतोय?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अजिबात उगाच नाही.

आधी शब्द. तुम्ही आता राहता तो सगळा भाग खाडीकाठचा, खाजणाचा. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध घालायचे आणि आत भात पिकवायचं. पण पावसाचं पाणी शेतात साठलं तर ते बाहेर कसं जाणार, बांध तर घातलेला. म्हणून बांधात एक दार ठेवायचे, ती उघाडी. ओहोटीला खाडीचं पाणी खाली गेलं की आतल्या पाण्याच्या रेट्याने दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि शेतातलं गोडं पाणी निघून जातं, भरती आली की खाडीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं आणि खारं पाणी आत येत नाही. मोटर नाही, माणूस नाही, चंद्राच्या हिशोबाने चालणारं दार. एकदा ते बिघडलं आणि खारं पाणी आत शिरलं की ती जमीन काही वर्षं पिकत नाही, म्हणून गावात त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष असायचं.

सिडको 1970 ला स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायच्या ठरल्या, जानेवारी 1984 ला जासई-उरणकडे जमिनीसाठीच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला त्यात पाच जण गेले, हे सगळं कागदावर आहे, पुस्तकांत मिळेल. गाण्यात सन मिळणार नाही, किती एकर गेली ते मिळणार नाही, त्यासाठी गाण्याकडे जाऊ नकोस. पण उघाडी हा शब्द लग्नाच्या गाण्यात का आला असेल, याचा विचार कर. मुलगी सासरी जाताना जो शब्द गाणाऱ्या बाईच्या तोंडात आला तो शेताच्या दाराचा आहे. त्या बायकांना दार म्हटलं की घराच्या आधी उघाडी आठवत असेल तर त्यांचं जगणं कशाभोवती होतं हे आपल्याला कुठला सातबारा सांगणार आहे? आणि हा शब्द तुमच्या घरातून एका पिढीत गेला, म्हणजे जमिनीबरोबर काय काय गेलं त्याचा हिशोबही त्यातच आहे.

रेकॉर्डिंग करतोयस ते असंच चालू ठेव, पण नुसतं गाणं नको. जात्यावरच्या ओव्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या, एक लाखाच्या वर, आणि प्रत्येक ओवी कुणाची, कुठल्या गावची, हे लिहून ठेवलं म्हणून आज त्यांचा अभ्यास होऊ शकतो. तूही प्रत्येक गाण्याच्या आधी आजीला तिचं नाव, माहेरचं गाव, हे गाणं लग्नात कुठल्या वेळी म्हणायचे, कुणाकडून शिकली, हे बोलायला लाव आणि तेही रेकॉर्ड कर. पंखा बंद ठेव, आवाज स्वच्छ येतो. एकाच गाण्यात दोनदा वेगळे शब्द आले तर दोन्ही ठेव, दुरुस्त करू नकोस. आणि शक्य असेल तर आजीच्या वयाच्या दुसऱ्या गावच्या धवलारणीला, घणसोलीला किंवा बोनकोड्याला कुणी असेल तर, तेच गाणं विचार, म्हणजे आजीचं एकटीचं काय आणि सगळ्यांचं काय ते वेगळं होईल.

आणि आजी जेव्हा उघाडी म्हणजे उघाडी म्हणते तेव्हा तिला अर्थ विचारू नकोस, ती कुठे होती ते विचार. गावदेवीपासून कुठल्या बाजूला, लहानपणी तिथे कोण कोण मासे धरायला जायचं, भरतीला दार लागायचं तेव्हा आवाज कसा यायचा. ती हाताने दाखवेल बहुतेक, तेव्हा व्हिडिओ चालू असू दे. आज तिथे कुठला सेक्टर आहे ते मला लिहून पाठव.